खाऱ्या मातीतला गुलाब

नेवासे येथे प्रवरेच्या काठी एक दगडी खांब आहे. त्याला पैसाचा खांब असे म्हणतात. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कोणाही माणसाने, मग त्याचा धर्म कोणता का असेना, एकदा तरी या खांबापुढे उभे राहावे. मी अनेकदा उभा राहिलो आहे. अलीकडे मात्र तेथे गेलो की माझे लक्ष खांबापेक्षा त्याच्या पायाशी वाहिलेल्या फुलांकडे अधिक जाते. झेंडू असतो, शेवंती असते, तुळस असते. आणि त्यांच्या जोडीला गुलाबही असतो.

ज्ञानदेवांनी गुलाब पाहिला असेल काय? हा प्रश्न मला सुचला तो ग्रंथ चाळताना नव्हे, तर अंगणात आळे करताना. आमच्या विहिरीचे पाणी अलीकडे मचूळ झाले आहे. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले गुलाबाचे कलम दोन उन्हाळे कसेबसे जगले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वरून वाळत खाली आले. झाड उपटून टाकायचे ते आळसाने राहून गेले. पावसाळ्यात पाहतो तो जमिनीलगत नवा फुटवा आलेला! पाने निराळी, काटे निराळे. हिवाळ्यात त्याला फुले आली तीही निराळीच. गडद गुलाबी, मध्यम आकाराची, घोसात येणारी आणि अत्यंत सुवासिक.

त्या सुमारास वसईहून आमच्या विहीणबाई आल्या होत्या. त्यांनी फूल हातात घेतले, हुंगले आणि म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या वाडीच्या कुंपणाला होता तो गावठी गुलाब! तुमच्याकडे कसा आला?"

नेवासे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. वसई तर समुद्राच्या कुशीतच. दोन्हीकडे एकाच रूपाचे झाड. एकीकडे ते कुंपणाला मानाने लावलेले, दुसरीकडे मेलेल्या कलमाच्या बुडातून न बोलावता उगवलेले. विहीणबाईंच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी बराच दूर गेलो. त्या शोधाची ही हकीकत.

सोपारा ते नेवासे

नेवासे आणि समुद्र यांचे नाते आजचे नाही. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात व पुढे पुन्हा नेवाशाच्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची मानवी वस्ती तेथे थरावर थर उलगडत गेली. सातवाहन काळाच्या थरात त्यांना भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांची खापरे मिळाली. रोमन साम्राज्यातले मद्य जहाजाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होते, आणि घाट चढून देशावरच्या गावांपर्यंत पोहोचत होते, याचा हा पुरावा.

तो माल उतरवणाऱ्या बंदरांत सोपारा हे एक प्रमुख बंदर होते. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, वसई तालुक्यातलेच. सोपारा-कल्याणहून नाणेघाट चढायचा, जुन्नर गाठायचे आणि पुढे गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जायचे, असा तो प्राचीन मार्ग. नेवासे पैठणच्या अलीकडे, त्याच वाटेच्या टापूत. वसई आणि नेवासे ही दोन टोके आपल्याला जेवढी परस्परांपासून तुटलेली वाटतात, तेवढी ती दोन हजार वर्षांपूर्वीही नव्हती. मडकी आली तशी माणसे आली, शब्द आले, श्रद्धा आल्या. झाडेही याच वाटांनी येतात. फक्त त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

शब्द आधी, झाड मागाहून

'गुलाब' हा शब्द फारसी आहे. 'गुल' म्हणजे फूल, विशेषेकरून गुलाबाचे फूल, आणि 'आब' म्हणजे पाणी. मूळ भाषेत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा द्विरुक्त शब्द घडवला. यावरून एक गोष्ट लक्षात येते. पुष्कळ लोकांना गुलाबाची ओळख झाडावरून झालेली नसून कुपीवरून झालेली असावी. शिराझच्या परिसरात ऊर्ध्वपातन केलेले गुलाबपाणी इराणच्या आखातातून हिंदुस्थानच्या बंदरांत येत असे. सुगंध पुढे आला. फूल मागे राहिले.

संस्कृत निघंटूंत शतपत्री, तरुणी, कुब्जक अशी नावे आढळतात आणि टीकाकार ती गुलाबाच्या निरनिराळ्या जातींना लावतात. हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब, तर मराठीत त्याच्याशी नाते सांगणारी 'शेवंती' हे अगदी वेगळे फूल! फुलांच्या नावांचा हा घोळ पाहिला म्हणजे ठाम विधाने करण्याचे धाडस होत नाही. हिमालयाच्या उतारांवर, मणिपुरात, निलगिरीच्या उंच भागात रानगुलाबाच्या जाती आहेतच. परंतु ज्ञानदेवांच्या नावावर घराघरात गाइला जाणारा अभंग आहे तो मोगऱ्याचा, गुलाबाचा नव्हे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी १२९६ ची. ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली तेही त्याच वर्षी. फारसी शब्दांचा लोंढा मराठीत आला तो त्यानंतर. निजामशाहीने १४९० नंतर अहमदनगर वसवले. फराहबागेसारख्या बागा, त्यांतील पाण्याचे पाट आणि हौद, ही सारी इराणी उद्यानकल्पना या सुलतानांनी नेवाशाच्या शेजारी आणून ठेवली. गुलाब हा शब्द मराठीच्या जिभेवर रुळला तो अशाच काळात.

किनाऱ्यावर दुसरे एक वळण मिळाले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. त्यांच्याबरोबर 'रोझारियो' हा शब्द आला. लॅटिन 'रोझारियुम' म्हणजे गुलाबांची बाग, गुलाबांची माळ. आपण तिला रोझरी म्हणतो, जपमाळ म्हणतो. प्रत्येक नमो मरियेगणिक एक गुलाब पवित्र मातेच्या चरणी वाहायचा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे वसई-गोव्याच्या ज्या भाविकांनी कदाचित गुलाबाचे झाड कधी पाहिलेही नसेल, ते रोज संध्याकाळी पन्नास गुलाब वाहत होते!

फादर थॉमस स्टीफन्स यांची साक्ष या बाबतीत फार बोलकी आहे. हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. गुलाब ज्यांच्या राजघराण्याचे चिन्ह होते अशा इंग्लंडचा हा मनुष्य. रोझरीचा जप ज्याच्या रोजच्या नेमातला. पण मराठी भाषेची थोरवी सांगताना, सर्व फुलांमध्ये श्रेष्ठ म्हणून त्याने जे फूल निवडले ते मोगरीचे. त्यात या भूमीविषयीचे प्रेम आहे हे तर खरेच. पण मला वाटते, त्यात डोळ्यांनी पाहिलेल्याची प्रामाणिक नोंदही आहे. साष्टीच्या खाऱ्या, दमट हवेत राजा होता तो मोगरा.

याला वनस्पतिशास्त्रीय कारण आहे. त्या काळी युरोपात जे गुलाब लावले जात, ते बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलणारे. त्यांना कडक थंडीची विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर झाड नुसते पानांनी वाढते किंवा खुरटते. दमास्क गुलाबाचेही थोडेफार तसेच. कोकणात हिवाळा नावापुरता आणि पावसाळा चार महिन्यांचा. त्या पावसात पाने काळ्या ठिपक्यांनी गळून जातात आणि मुळे कुजतात. त्यात समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर गुलाब आधी शब्दाने आला, मग अत्तराने, मग प्रार्थनेने. झाडाने मात्र तो सर्वांत शेवटी आला. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी गोव्याच्या सी कॅथेड्रलला सुवर्णगुलाब पाठवला, तोवर मात्र खरा गुलाबही किनाऱ्यावर स्थिरावलेला होता. तो कोणत्या वाटेने आला, ते आता पाहू.

बेटावरचे कुंपण

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस एक छोटे बेट आहे. आज त्याला रियुनियन म्हणतात. पूर्वी ते फ्रेंचांचे बूर्बाँ बेट होते. तेथील शेतकरी आपल्या शेताला गुलाबाचे कुंपण घालीत. कुंपणात दोन प्रकारची झाडे असत. एक दमास्क गुलाब, पश्चिम आशियाच्या कुळातला, वर्षातून दोनदा फुलणारा. दुसरा चिनी गुलाब, फिकट गुलाबी, बाराही महिने फुलणारा.

हा चिनी गुलाब युरोपला पोहोचला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम होता कलकत्ता. तेथील वनस्पती उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले. चीनहून आलेली रोपे तेथे विसावा घेत आणि पुढच्या जहाजाने पश्चिमेकडे जात. त्यामुळे फ्रेंच लोक या गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले. त्याआधी लिनियसनेही १७५३ मध्ये एका चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' असे नाव देऊन ठेवले होते. झाड चीनचे, नाव हिंदुस्थानचे! अडीच शतकांहून अधिक काळानंतरही आपण त्याच 'इंडिका' नावाच्या खुंटावर डोळे भरतो.

तर या दोन झाडांचा संकर बूर्बाँ बेटावर कोणी केला नाही; तो वाऱ्याने आणि मधमाश्यांनी केला. कुंपणात एक वेगळेच रोप उगवले. ते एदुआर पेरिशों नावाच्या जमीनदाराच्या मळ्याशी जोडले गेले आणि त्याच्या नावाने 'रोझ एदुआर' म्हणून ओळखले जाऊ लागले. १८१७ मध्ये बेटावरच्या राजकीय उद्यानाचा प्रमुख म्हणून निकोला ब्रेओं हा वनस्पतिज्ञ आला. त्याने या झाडाचे महत्त्व ओळखले आणि त्याचे बी पॅरिसला, ऑर्लियन्सच्या सरदाराच्या बागेतील झाक नावाच्या माळ्याकडे पाठवले. त्या बियांतून पुढे 'बूर्बाँ गुलाब' हे सबंध घराणे उभे राहिले. आजच्या मोठ्या फुलांच्या, वारंवार फुलणाऱ्या संकरित गुलाबांच्या पूर्वजांत या घराण्याचा समावेश होतो. काही जाणकारांच्या मते हा संकर हिंदुस्थानातही स्वतंत्रपणे, कदाचित आधीच, झालेला असावा. तो वाद तज्ज्ञांवर सोपवू. एवढे निश्चित, की एकोणिसाव्या शतकात 'एदुआर' हिंदुस्थानात सर्वत्र पसरला आणि आपल्या माळ्यांच्या तोंडी त्याचा 'एडवर्ड' झाला. उत्तर हिंदुस्थानात कलमांचा खुंट म्हणून तो अजूनही लावला जातो. तामिळनाडूत पन्नीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुवासिक गुलाबांचाही याच कुळाशी संबंध जोडला जातो. आपल्याकडे घराघरात ज्याला गावठी गुलाब म्हणतात, तो प्रत्येक ठिकाणी एकाच जातीचा असतो असे नाही. पण गडद गुलाबी, घोसात फुलणारा, गुलकंदाला उत्तम असा जो गावठी गुलाब, तो बहुधा याच नात्यातला.

गंमत पाहा. ज्याला आपण 'गावठी' म्हणतो, त्याचा बाप पश्चिम आशियाचा, आई चीनची, जन्म आफ्रिकेजवळच्या बेटावर आणि नाव फ्रेंच. तरी तो गावठीच. कारण तो आपल्या मातीत स्वतःच्या मुळांवर उभा राहिला. फळ्यावर वंशावळ काढून कोणी त्याला परका ठरवू शकेल, पण कुंपणाजवळ उभे राहून ठरवू शकणार नाही. नगर जिल्ह्यातल्या आणि वसईतल्या आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना आपुलकीने किंवा खोचकपणे कधी ना कधी विचारले जाते, की तुम्ही मूळचे कुठले? त्या प्रश्नाला हे झाड माझ्यापेक्षा चांगले उत्तर देते.

किनाऱ्यावरची वाडी

जगात समुद्रकिनाऱ्याचा म्हणून जो गुलाब प्रसिद्ध आहे, तो जपान-कोरियाच्या वाळूत वाढणारा 'रुगोसा'. जपानी त्याला हामानासू म्हणतात. 'हामा' म्हणजे समुद्रकिनारा. स्वीडिश वनस्पतिज्ञ थुन्बर्ग याने १७८४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सुरकुतलेली जाड पाने, दाट काटे, मिठाच्या तुषारांना न जुमानणारा स्वभाव. यामुळे उत्तर युरोपात वाळूच्या टेकड्या बांधून ठेवण्यासाठी तो मुद्दाम लावला गेला. आज डेन्मार्कसारख्या देशांत तोच मूळ वनस्पतींना हुसकावणारा उपद्रवी पाहुणा ठरला आहे. मात्र त्याला बर्फाळ हिवाळा हवा. आपल्या किनाऱ्यावर तो रमत नाही. तेव्हा कोकणाला आपला काटक गुलाब दुसरीकडे शोधावा लागला, आणि तो सापडला आपल्याच महासागरातल्या एका उष्ण बेटावरचा.

खरे सांगायचे तर गुलाब हे मुळात मिठाला भिणारे झाड आहे. पाण्यात क्षार वाढले की प्रथम पानांच्या कडा करपतात, मग शेंडे वाळतात. गावठी गुलाब त्याला अपवाद नाही; तो फक्त अधिक चिवट आहे. वर्षभर नवी फूट येत असल्याने झालेली हानी तो भरून काढतो. आणि त्याची मुळे स्वतःची असल्याने वरचे सारे जळाले तरी खालून पुन्हा तोच उगवतो. कलमी झाडाचे तसे नसते. तेथे वरचा भाग एकदा गेला की गेला.

वसईच्या वाडीवाल्यांनी हे कोणत्याही पुस्तकावाचून जाणले होते. तेथील वाडी म्हणजे अनेक मजल्यांची बाग. वर नारळ-सुपारी, मध्ये केळी आणि पानवेल, खाली फुलझाडे. समुद्राकडून येणारा वारा माडांच्या आणि मेंदी-करवंदाच्या कुंपणांतून गाळून आत येई. गुलाब कधी उघड्यावर लावीत नसत. तो विहिरीच्या किंवा घराच्या आडोशाला असे. वाफा उंच, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन, म्हणजे उन्हाने ओल उडून क्षार वर येणार नाहीत. खत शेणाचे आणि मासळीचे. पण मासळीचे खत पावसाने चांगले धुऊन निघाल्यावरच गुलाबाला द्यायचे. पाणी रोज थोडेथोडे शिंपडायचे नाही. चार दिवसांनी का होईना पण भरपूर द्यायचे, म्हणजे मुळांशी साचलेले मीठ खाली वाहून जाते. पहाटे पानांवर गोडे पाणी मारले तर वाऱ्याने बसलेला खार धुतला जातो. मात्र पाने दुपारपर्यंत कोरडी झाली पाहिजेत, नाहीतर भुरी आणि काळे ठिपके आलेच.

छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये ऑक्टोबर हा महिना रोझरीला वाहिला, तेव्हा त्यांच्या मनात कोकणातले माळी नक्कीच नसणार! पण योगायोग असा, की रोझरीच्या महिन्यात छाटलेले झाड साधारण सहा-साडेसहा आठवड्यांत फुलावर येते. म्हणजे आगमनकाळाच्या आरंभी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या आसपास वेदीसाठी घरचे गुलाब तयार. छाटलेल्या फांद्या टाकून द्यायच्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या सावलीत ओल्या मातीत खोचायच्या. पुढच्या पावसाआधी त्यांतल्या काही धरतात. शेजारणीने शेजारणीला, आईने लेकीला द्यायची ती ही काडी. गावठी गुलाबाचा सारा प्रसार या काडीवर झाला. त्याची पावती नाही, किंमत नाही, आणि म्हणून इतिहासात नोंदही नाही.

फुलांना बाजार मिळाला तो आगगाडीमुळे. १८६४ मध्ये बडोद्याकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. तेव्हापासून वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने मोगरा, सायली, चाफा आणि गुलाब घेऊन दादरच्या फुलबाजाराकडे जाऊ लागल्या. कित्येक घरांतील मुले या टोपल्यांवर शिकली. त्या टोपल्यांवर चालणारा संसार मात्र विहिरीच्या गोड्या पाण्यावर उभा होता. शहर वाढले तशी माणसे वाढली. बोअरवेल खोल गेल्या. टँकरवाल्यांनी रात्रंदिवस उपसा केला. किनाऱ्यावर जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा दाब समुद्राच्या पाण्याला मागे रेटून धरतो. तो दाब कमी झाला की समुद्र जमिनीखालून आत सरकतो आणि एके दिवशी विहीर मचूळ लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. झाडे वाचवा ही घोषणा ऐकू येत होती. पण झाडांच्या आधी पाणी मरते, हे त्या चळवळीने महाराष्ट्राला शिकवले. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांनी मांडलेला प्रश्न अद्याप आपल्यापुढे आहे.

खुंटाचा फुटवा

आता पुन्हा नेवाशाला येऊ. येथे समुद्र नाही. मग आमची विहीर मचूळ का झाली? कारण निराळे असले तरी चूक तीच. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, मुळेवर पुढे ज्ञानेश्वरसागर झाला. कालवे आले, ऊस आला, भेंडे आणि सोनईसारखे साखर कारखाने आले. या पाण्याने दुष्काळी टापूत अन्न आणि पैसा आणला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु काळ्या जमिनीला निचरा कमी. वारेमाप पाणी दिले की जमिनीखालची पातळी वर चढते. उन्हाने ओल उडते आणि क्षार मात्र वरच राहतात. शेताला पांढरा थर धरतो. अशा जमिनीला आपला शेतकरी खारवट किंवा चोपण म्हणतो. वसईत पाणी अती उपसल्याने खार आला. आमच्याकडे अती दिल्याने आला. दोन्हीकडे पाण्याची मर्यादा सुटली.

आणि दोन्हीकडे मेला तो वरचा शोभिवंत गुलाब. 'ला फ्रान्स' हा संकरित गुलाब १८६७ मध्ये फ्रान्समध्ये निघाला, तेव्हापासून मोठ्या, टोकदार कळ्यांच्या गुलाबांचे युग सुरू झाले. नगर जिल्ह्यातले गुलाबाचे मळेही 'ग्लॅडिएटर'सारख्या संकरित जातींचे आहेत. तळेगावकडच्या हरितगृहांतला लांब दांड्याचा गुलाब तर विमानाने परदेशी जातो. त्यात काही गैर नाही. त्यावर कष्टकरी कुटुंबे जगतात. पण यांतील बहुतेक झाडे दुसऱ्याच्या मुळांवर उभी असतात, याची आठवण ठेवावी. इंडिका, एडवर्ड, मल्टिफ्लोरा किंवा ब्रायर असा कोणता तरी काटक खुंट घ्यायचा, त्याची साल टी आकारात चिरायची, तीत हव्या त्या जातीचा डोळा भरायचा, आणि डोळा फुटला की खुंटाचा शेंडा कापून टाकायचा. त्यानंतर खुंटाने आपली फूट काढली की माळी ती 'जंगली' म्हणून खुडतो. जमिनीतले मीठ, चुनखडी, सूत्रकृमी हे सारे सोसायचे खुंटाने. नाव आणि फूल मात्र डोळ्याचे.

माझ्या अंगणात जे उगवले, ते हेच. वर भरलेला डोळा मेला, आणि कितीदा खुडलेला खुंट आपल्या रूपाने फुलला. विहीणबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तो गुलाब आमच्याकडे नव्याने आला नव्हता. तो दुसऱ्या गुलाबाच्या पायाखाली लपून आधीच आलेला होता.

कोकणात जन्मलेले आणि नगरच्या भूमीत वाढत्या ख्रिस्ती समाजाची सेवा केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या एका दीर्घ कवितेचे नाव 'वनवासी फूल' असे आहे. बागेतले मानाचे फूल सोडून रानातल्या फुलाशी संवाद करणे, ही दृष्टी मला आज अधिक कळते. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण बांधलेल्या चर्चची, आलेल्या मिशनऱ्यांची, निघालेल्या नियतकालिकांची नोंद करतो. ती केलीच पाहिजे. १९०३ मध्ये याच जिल्ह्यात केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कोणत्या वाडीत कोणते झाड होते, कोणाच्या आजीने कोणाला काडी दिली, कोणती विहीर कोणत्या वर्षी खारी झाली, हेही लिहून ठेवले पाहिजे. सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

विहीणबाईंची वाडी आता राहिलेली नाही. विहीर बुजली, कुंपण गेले, त्या जागी चार मजली इमारत आहे. त्या स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्या ऑक्टोबरात मी झाड छाटले तेव्हा सहा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांच्याबरोबर एसटीने पाठवल्या. नाताळात त्यांचा फोन आला. चार काड्या वाळल्या होत्या. दोन धरल्या होत्या. एक त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत आहे. दुसरी त्यांनी चर्चच्या आवारात, क्रुसाच्या चौथऱ्याच्या आडोशाला, जेथे समुद्राचा वारा थेट लागत नाही, तेथे लावली आहे.